ॲल्युमिनियमच्या पुलीच्या हबमध्येच पोकळी का निघते? मेटल जास्त तापवून ओतलं तर जाईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वाळूच्या साच्यात एलएम सहा या सिलिकॉनवाल्या ॲल्युमिनियमची पुली ओतून घेतली, बाहेरून चकाचक, वेब (हब आणि रिमच्या मधली पातळ चकती) एकदम सॉलिड, पण लेथवर बोअर (शाफ्टचं भोक) मारला की हबच्या, म्हणजे मधल्या जाड भागाच्या, पोटात भोकंच भोकं, आणि ओतणारा म्हणतोय पुढच्या वेळी अजून तापवून घेऊ. तर आधी शेवटचं सांगतो, तापवू नका, पोकळी वाढेल.

मी कोल्हापूरकडे फौंड्रीत मेथडिंग बघतो, म्हणजे रनर (मेटल आत जायची वाट) कुठून, रायझर (कास्टिंगला मेटल पुरवणारा जादा साठा) कुठे, चिल (मेटल लवकर गोठवायला साच्यात ठेवलेला धातूचा तुकडा) कुठे हे ठरवायचं काम. अशी तक्रार आली की भोक जवळजवळ नेहमी जाड भागातच असतं, पातळ भागात क्वचित, आणि मेटलला शिव्या बसतात.

होतं काय की धातू गोठताना आकसतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६ टक्क्यांच्या पुढे, सिलिकॉनवालं त्याहून थोडं कमी. थंडीत तुपाची बरणी कडेने थिजते आणि मध्ये खड्डा पडतो ना, तोच प्रकार, फक्त इथे वरूनही साय धरते म्हणून खड्डा बाहेर दिसत नाही, आत राहतो. तुमची वेब आधी गोठते, गोठताना तिला कमी पडलेलं मेटल ती हबमधून ओढून घेते, आणि हबची पाळी येते तेव्हा त्याला द्यायला कोणीच उरलेलं नसतं. किती उशिरा गोठेल याचा च्वोरिनोव्हचा नियम आहे (१९४० चा, डिप्लोमाला असतो, परीक्षेपुरता पाठ करतात): वेळ ही आकारमान भागिले थंड होणारं क्षेत्रफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे १० मिमीच्या प्लेटपेक्षा ३० मिमीची प्लेट तिप्पट नाही, ९ पट वेळ घेते. तुमचा हब काही प्लेट नाही पण अंदाज येतो.

आता तापवल्यावर काय होतं, तर गोठायच्या आधीचं आकसणं वाढतं, हबभोवतीची वाळू आणखी तापते आणि तो आणखी उशिरा गोठतो, वर ॲल्युमिनियम जितकं गरम तितका हायड्रोजन जास्त पितं आणि गोठताना तो सगळा बाहेर टाकतं. म्हणजे एका दुखण्यात दुसरं. म्हणून आधी भोक नीट बघा, भिंग असेल तर उत्तम. आतून गुळगुळीत, गोल, चकचकीत असेल तर गॅस. खडबडीत, वेडंवाकडं, आत बारीक फांद्या फुटल्यासारखं असेल तर श्रिंकेज, म्हणजे आकसण्याची पोकळी. दोन्ही मिसळलेलंही असतं, तेव्हा डीगॅसिंग (मेटलमधला गॅस काढणं) आणि फीडिंग (आकसताना मेटल पुरवणं) दोन्ही बघावं लागतं.

श्रिंकेज असेल तर ते नाहीसं करता येत नाही हो, फक्त जागा बदलता येते. हबच्या डोक्यावर रायझर द्या, जो हबच्याही नंतर गोठेल, आणि त्याची मान इतकी बारीक ठेवू नका की तीच आधी बंद होईल. खालून चिल लावा, पण कोरडी आणि स्वच्छ, गंजलेली लावली तर तिथेच ब्लो होल (गॅसचं भोक) येईल. आणि मला सगळ्यात स्वस्त वाटतं ते म्हणजे बोअर भरीव ओतूच नका, कोअर (भोकाच्या जागी ठेवायचा वाळूचा गाभा) टाका, म्हणजे हबची भिंतच पातळ होते (कोअर फार बारीक नको, चारी बाजूंनी मेटल असल्यावर ती वाळू तापून बसते). ड्रॉइंगवर प्रत्येक जागी मावेल तेवढं मोठं वर्तुळ काढून बघा, वर्तुळं रायझरकडे जाताना मोठी होत गेली पाहिजेत, मध्येच एखादं फुगलं की तुमची पोकळी तिथे. हे कागदावर पाच मिनिटांत होतं, सॉफ्टवेअर नंतर. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं ई-फाउंड्रीचं साहित्य चांगलं आहे.

पुलीचाच विषय आहे म्हणून, जुन्या बिडाच्या पुल्यांचे आरे वाकडे का असतात बघितलंय? शोभेला नाही. रिम आधी थंड होते, हब मागे राहतो आणि नंतर आकसताना आरे ताणतो, सरळ आरा असेल तर तडकतो, वाकडा थोडा वाकून जातो. काही जण आऱ्यांची संख्याही विषम ठेवायचे, म्हणजे दोन आरे समोरासमोर एका रेषेत येत नाहीत.

बाकी हा हिशोब प्रत्येक मेटलला जसाच्या तसा लावू नका. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे बिडात, ग्राफाइट सुटताना फुगतं म्हणून श्रिंकेज तसं कमी, पण तिथे पातळ भाग दगा देतो, पटकन थंड झाला की पांढरा आणि इतका कडक होतो की ड्रिल बसतच नाही. गनमेटल (तांब्या-कथलाचं मिश्रण) तर फार मोठ्या तापमानाच्या पट्ट्यात हळूहळू गोठतं, त्यात एक मोठी पोकळी नसून सगळीकडे बारीक छिद्रं असतात, व्हॉल्व्ह प्रेशरवर लावला की पाझरतो तेव्हा कळतं.

पुढची पुली ओतल्यावर रायझर भंगारात टाकायच्या आधी उभा कापून बघा. वरून खोल खड्डा पडलेला असेल तर त्याने हबला मेटल दिलंय. डोकं सपाट आणि आत भरीव दिसला तर तो हबच्या आधीच गोठला, त्याला मोठा करा नाहीतर इन्सुलेटिंग स्लीव्ह (उष्णता धरून ठेवणारं वेष्टण) घाला.