वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या पिढीत पिल्लांचे वजन का घटते?

प्रश्न : वनराजाची पिल्ले आणून परसात वाढवली, ती एकसारखी भरली. नंतर त्यांचीच अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली उबवली, तेव्हा काही पिल्ले भरदार तर काही अगदीच किरकोळ निघाली. खाद्य तेच होते. दोष उबवणीचा की बीजाचा? आणि वजनाचा गुण कोंबड्याकडून येतो की कोंबडीकडून?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष उबवणीचा वाटत नाही. वनराजा हा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेला संकर असून त्याचा नर एका वंशावळीतला आणि मादी दुसऱ्या वंशावळीतली असते. अशा संकराची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. मात्र तिच्यातच पैदास केली की जनुकांची नव्याने वाटणी होते, पिल्लापिल्लांत फरक पडतो आणि संकरातून मिळालेला जोमही सुमारे निम्म्याने ओसरतो. ब्रॉयलरच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते, कारण तो बहुधा चार वंशावळींचा संकर असतो.

वजन हा गुण एखाद्या जनुकाचा नसून कोंबडीच्या 39 गुणसूत्र-जोड्यांवर विखुरलेल्या शेकडो जनुकांचा आहे, आणि त्यांतील बहुतेक आई-बापाकडून सारख्याच वाट्याने येतात. त्यामुळे नुसता कोंबडा दांडगा निवडून अर्धेच काम होते. समजा, आठव्या आठवड्याला कळपाचे सरासरी वजन 1,000 ग्रॅम आहे आणि पैदाशीसाठी निवडलेल्या नर-माद्यांची सरासरी 1,200 ग्रॅम आहे. वजनाची आनुवंशिकता साधारण 0.3 धरली, तर 200 ग्रॅमच्या फरकापैकी 60 ग्रॅमच पुढच्या पिढीत उतरतील. फक्त नर निवडले असतील तर 30. निवड करताना नराची तुलना नराशी आणि मादीची मादीशीच करावी, तीही एकाच दिवशी फुटलेल्या पिल्लांत.

हे आकडे लहान वाटले, तरी पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात 1957, 1978 आणि 2005 सालच्या वंशावळींचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवले, तेव्हा 56 दिवसांनी त्यांचे वजन अनुक्रमे 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम भरले. मात्र या वाढीबरोबर पायांचे आणि हृदयाचे विकार वाढले, आणि ब्रॉयलरच्या पैदाशीच्या माद्यांना खाद्य मोजूनच द्यावे लागते, नाहीतर त्यांची अंडी घटतात. म्हणून परसातल्या कळपात केवळ वजनामागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जी कोंबडी अंडी घालते, पिल्ले सांभाळते आणि मोकळ्यावर तग धरते, तिच्या वजनात थोडे उणे असले तरी ती ठेवावी.

रक्तसंबंधांकडे मात्र दुर्लक्ष नको. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या एवढ्यावरच पैदास चालवली, तर अंतःप्रजनन दर पिढीला सुमारे 14 टक्क्यांनी वाढते. पाच कोंबडे आणि पन्नास कोंबड्या ठेवल्यास ते 3 टक्क्यांच्या आत राहते. एवढा कळप परवडत नसेल, तर शेजारच्या गावाशी कोंबडे अदलाबदल करावेत. वनराजाच हवा असेल, तर दर खेपेला पिल्ले नव्याने आणणेच योग्य.

प्रश्न : पिवळ्या पायांची कोंबडी अधिक मांस देते, असे व्यापारी सांगतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : पायांच्या रंगावरून मांसाचा अंदाज बांधता येत नाही. पिवळी त्वचा एका वेगळ्याच अप्रभावी जनुकामुळे येते आणि ते आई-बाप दोघांकडून मिळावे लागते. हे जनुक करड्या रानकोंबड्याकडून पाळीव कोंबडीत आले, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. हा रानकोंबडा आपल्या कोयनेच्या जंगलातही आढळतो. जनुक असूनही खाद्यात मका किंवा हिरवा पाला नसेल, तर रंग फिका राहतो. तेव्हा विकत घेताना पायांकडे न पाहता छातीचे हाड चाचपावे आणि पक्षी तराजूत घालावा.