पॉटरीत पैसा घालण्याआधी

भावा, जुन्या युरोपियन पॉटरीच्या धंद्यात पडायचं म्हणतोस, तर आधी खिसा बंद ठेव आणि दिसेल ते भांडं उलटं करून तळ बघ. बनवणाऱ्याचा शिक्का तिथंच असतो. नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं असेल तर वस्तू बहुधा 1891 नंतरची. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळं देशाचं नाव घालावं लागायचं. 'मेड इन' असेल तर सहसा त्याहून अलीकडची. डॉल्टन या इंग्रजी कंपनीच्या शिक्क्यातलं 'रॉयल' 1901 नंतरचं. एवढं पाठ असलं की जुना वाडा उतरवून माल विकणारा "दीडशे वर्षांचं हाय" म्हणाला तरी नुसतं हसायचं.

मग काठ. बोट सावकाश फिरव. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, थंड आणि कडक लागते. मध्येच मऊसर, उबदार जागा लागली की तिथं डागडुजी झालीय समज. यूव्ही टॉर्च मार, नंतर लावलेला रंग बहुतेक वेळा वेगळाच उजळतो. विकणारा टॉर्च बघून चिडला तर उत्तर मिळालंच. ग्लेझमधल्या बारीक तड्यांच्या जाळीला मात्र घाबरू नको, तेवढा भाव पाडून माग.

हंगेरीच्या झोल्नाई कंपनीची इओसिन नावाची झिलई मोरपिसासारखी चमकते, जीव जडतो, कबूल. पण सुरुवातीला मी इंग्लंडच्या मूरक्रॉफ्ट कंपनीचा माल घे म्हणेन. नक्षीच्या उठावदार रेघा बोटाला कळतात, गिऱ्हाइकाला फार समजवावं लागत नाही.

आणि शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं काही हाती लागलं तर आपल्याकडचा 1972 चा पुरावस्तू कायदा आधी वाच. असला माल कोल्हापुरातून परस्पर परदेशी पाठवता येत नाही, आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो.