मणक्याला मार लागून तुटलेल्या नसा परत वाढतात का?

भाऊ मोहाच्या झाडावरून पडला, कमरेखाली पाय हलत नाहीत, स्टेम सेलच्या (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) उपचारासाठी वावर विकावं का, असं तुम्ही विचारलंय. दादा, वावर विकू नका.

हातापायातली तुटलेली नस जोडली तर दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. मज्जारज्जूत, म्हणजे मणक्यातून जाणाऱ्या नसांच्या जाड दोरीत, तसं होत नाही. तिथल्या नसांच्या आवरणात 'नोगो'सारखी वाढ रोखणारी प्रथिनं असतात, वर जखमेचा व्रणही आडवा येतो. हा अडथळा हटवण्यावर संशोधन चालू आहे, पण खात्रीचं औषध अजून नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या नियमांनुसार या दुखापतीवर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीत देता येतात, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

दुखापत अर्धवट असेल तर वाचलेल्या नसा व्यायामाने बरंच काम उचलतात. पहिले काही महिने फार मोलाचे, म्हणून नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात लवकर दाखवा. घरी दर दोन तासांनी त्याची कूस बदला, नाहीतर दाबाने जखमा होतात. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा. लाली दाबूनही जात नसेल तर त्या जागेवर अजिबात भार नको. त्याला तिथं दुखणारच नाही, तुम्हालाच बघावं लागेल. लघवी तुंबू देऊ नका, नळी घालायला नर्सकडून नीट शिकून घ्या.