इनफिल्ड फ्लाय घोषित झाल्यावर चेंडू सुटला, तर रनरला टॅग अप करावे लागते का?

बेसबॉलमध्ये अंपायरने इनफिल्ड फ्लाय (इनफिल्डरला, म्हणजे बेसजवळच्या आतल्या क्षेत्ररक्षकाला, सहज झेलता येईल असा उंच चेंडू) म्हणून बॅटरला बाद दिल्यानंतर प्रत्यक्षात झेल सुटला, तर रनरला, म्हणजे बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) पोहोचलेल्या खेळाडूला, टॅग अप करावे लागते का, असे आपण विचारले आहे. तसे करावे लागत नाही. मात्र झेल घेतला गेला, तर करावेच लागते.

हवेतला चेंडू झेलला गेल्यास रनरला आपल्या मूळ बेसला पुन्हा स्पर्श केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यालाच टॅग अप म्हणतात. क्षेत्ररक्षकाचा चेंडूला पहिला स्पर्श होताच रनरला बेस सोडण्याची मुभा मिळते. झेल पूर्ण होईपर्यंत थांबण्याची अट असती, तर क्षेत्ररक्षकाने चेंडू तळहातांवर उडवत थेट बेसपर्यंत आणला असता आणि रनर बिचारा जागीच खिळून राहिला असता.

इनफिल्ड फ्लायचा नियम याच सक्तीचा गैरफायदा रोखण्यासाठी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर असताना शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावर उंच, सोपा चेंडू उडाला, तर झेल होणार या समजुतीने दोघेही बेसजवळच थांबतात. अशा वेळी शॉर्टस्टॉपने चेंडू मुद्दाम पाडला, तर मागून बॅटर येत असल्यामुळे दोघांनाही पुढे पळणे भाग पडते आणि दोन गडी आयते बाद होतात. अमेरिकेतील नॅशनल लीग या बेसबॉल स्पर्धेने 1895 साली हा नियम आणला. पहिला व दुसरा किंवा तिन्ही बेस व्यापलेले असावेत आणि दोनपेक्षा कमी गडी बाद झालेले असावेत, अशी त्याची अट आहे. बंट (बॅट न फिरवता हळूच टोलवलेला चेंडू) आणि सपाट फटका त्यातून वगळलेले आहेत.

बॅटर बाद ठरताच रनरवरील फोर्स (पुढच्या बेसकडे पळण्याची सक्ती) संपतो, पण चेंडू जिवंतच राहतो, म्हणजे खेळ चालूच असतो, ही गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे चेंडू सुटल्यास रनर निवांत थांबू शकतो किंवा स्वतःच्या जोखमीवर पळू शकतो, आणि त्याला बाद करायचे तर नुसता बेस गाठून भागत नाही, त्याच्या अंगाला चेंडू लावावा लागतो.

नियमाच्या नावात इनफिल्ड असले, तरी चेंडू कुठे पडतो यापेक्षा तो इनफिल्डरला सामान्य प्रयत्नांत झेलता आला असता का, हे पाहिले जाते. 2012 साली अटलांटा ब्रेव्ह्ज आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यातील वाइल्ड कार्ड सामन्यात चेंडू लेफ्ट फिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात, पडूनही अंपायरने बॅटरला बाद दिले, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्या. आणि त्या गोंधळात ब्रेव्ह्जचे दोन्ही रनर मात्र टॅग अप न करताच नियमानुसार एकेक बेस पुढे गेले होते.