२ फुटी टाकी, शेवाळ आणि लाईटचे तास

तुमच्या ५४ लिटरच्या अ‍ॅक्वेरियमच्या टाकीत अनुबियास आणि रोटाला ही पाण्यातली रोपं आहेत, १५०० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) एलईडी रोज १२ तास चालतो, अनुबियासवर शेवाळाचे हिरवे ठिपके आलेत आणि रोटालाची वाढ अडून बसलीय. म्हणून दुप्पट ताकदीचा लाईट घ्यावा का, असं विचारलंत. कृपया घेऊ नका. ही चूक मी केलीय. महिनाभरात सगळ्या टाकीत केसाळ शेवाळ माजलं होतं.

प्रकाश वाढला की रोपांची भूक वाढते. कार्बन डायऑक्साइड (सीओटू), नायट्रेट, पोटॅश, लोह सगळंच जास्त लागतं. तुमच्याकडे सीओटूचा सिलिंडर नाही, त्यामुळे भूक भागत नाही आणि उरलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो. सीओटू नसेल तर लिटरमागे १५ ते २५ लुमेन पुरतात. तुमचे २८ होतात, तेही १२ तास! (वॉटवरून हिशेब करू नका, तो जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला.)

अनुबियास मुळात आफ्रिकेतल्या जंगली ओढ्यांकाठचं, सावलीतलं झाड. नवं पान फुटायला आठवडे लागतात, तोवर जुन्या पानावर ठिपके आरामात बसतात. नखाने घासून पाहा, हलत नाहीत. काचेवरचे मात्र जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडले की निघतात. अनुबियास रोटालाच्या सावलीत सरकवा आणि खराब पानं एकदम नाही, आठवड्याला एक-दोन अशी कापा.

रोटालाचं दुखणं वेगळं असू शकतं. नर्सरीत तो बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे बुडवल्यावर जुनी पानं गळतातच. शेंड्याकडे बघा. नवी पानं जवळजवळ येत असतील तर उजेड पुरतोय. दोन पेरांमधलं अंतर वाढून काडी लांबुडकी झाली आणि खालची पानं झडू लागली, तरच उजेड कमी म्हणायचा.

आजच टायमर आणा, दुपारी ४ ते रात्री १० लावा. तुम्ही घरी असताना टाकी उजळलेली दिसेल. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. तीन आठवडे काहीही बदलू नका, मग फक्त नवी पानं तपासा. ती स्वच्छ असतील तर अर्धा तास वाढवा, पण ८ तासांपलीकडे नको. तेव्हाचा रोटालाच्या शेंड्याचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, मी नक्की बघेन.