हेडसेट घातला आणि पोटात ढवळलं, माझं वय झालं का?

प्रश्न : लालबागला राहतो, वय ४७. मे महिन्यात मुलीला घेऊन अंधेरीच्या एका मॉलमध्ये गेलो होतो, तिथल्या गेमिंगवाल्या पोराने काही न विचारता डोक्यावर व्हीआरचा (डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा) डबा, म्हणजे हेडसेट, चढवला आणि डायरेक्ट रोलर कोस्टर लावलं. पहिला उतार आला तसा मी खालीच बसलो, घाम फुटला, नंतर दादर येईपर्यंत लोकलमध्ये मान खाली घालून. मुलगी ९ वर्षांची आहे, ती अजून सगळ्यांना नक्कल करून दाखवते. आता गणपतीला भाचा स्वतःचा हेडसेट घेऊन येतोय. आमची खोली १० बाय १२, मला लांबचा चष्मा आहे आणि चाळिशीचा वेगळा. या वयात हे जमतं का, की नाद सोडू? आणि मुलीला द्यायचा का?

उत्तर : वयाचं काही नाही हो, त्या पोराने तुम्हाला नेमकी चुकीची गोष्ट पहिल्यांदा दाखवली. मॉलमध्ये रोलर कोस्टरच लावतात कारण बाहेर उभ्या लोकांना तुमच्या किंकाळ्या ऐकून मजा येते आणि पुढचं गिऱ्हाईक मिळतं. म्हणजे पोहायला शिकवायचं म्हणून भरतीच्या वेळी वरळी सी फेसवरून ढकलून द्यायचं, त्यातला प्रकार.

होतं काय बघा, तुम्ही लोकलवाले आहात म्हणजे हे तुम्हाला आधीच माहितीये. आपली गाडी दादरला उभी आहे, आपण खिडकीत, शेजारच्या ट्रॅकवरची गाडी हलते आणि क्षणभर वाटतं आपलीच सुटली. डोळे म्हणतात निघालो, कानाच्या आत ज्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यातल्या पाण्यावरून शरीराला तोल कळतो, त्या म्हणतात कुठे निघालो, जागेवरच तर आहोत. लोकलमध्ये हा घोळ दोन सेकंदात मिटतो कारण प्लॅटफॉर्मचा खांब दिसतो. हेडसेटमध्ये खांबच नाही, चहूबाजूंनी उतारच उतार. (खंडाळ्याच्या घाटात एसटीत मोबाइल बघत बसलं की मळमळतं ना, ते याच्या बरोबर उलट, तिथे कान म्हणतो वळतोय आणि डोळे म्हणतात स्थिर.)

त्यामुळे भाच्याला आधीच सांगून ठेवा, पहिला गेम असा लाव ज्यात मी जागेवर आणि वस्तू माझ्याकडे येतात. बीट सेबर उत्तम, गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे समोरून येतात आणि दोन हातातल्या तलवारींनी ते कापायचे, तुमचे पाय हलतच नाहीत. चालायचा गेम असेल तर त्यात बहुतेक वेळा टेलिपोर्टचा पर्याय असतो, म्हणजे समोर बोट दाखवायचं आणि तिथे प्रकट व्हायचं, तो ठेवा, हातातल्या कंट्रोलरची स्टिक ढकलून सरकत जायचं नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, तीसुद्धा खुर्चीत बसून, समोर टेबल फॅन लावून (वारा लागला की बरं वाटतं आणि आपलं तोंड कुठल्या भिंतीकडे आहे तेही कळत राहतं). आणि कपाळाला घाम आला किंवा तोंडाला पाणी सुटलं की तिथेच काढायचा, अजून पाच मिनिटं सहन करू ही जिद्द इथे अंगाशी येते. दुसऱ्या दिवशी परत दहा मिनिटं. बहुतेकांना हळूहळू सवय होते. काहींना नाही होत, त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे.

आता चष्मा, कारण इथे सगळे फसतात. हेडसेटमध्ये वस्तू नाकासमोर दिसली तरी भिंगांमुळे डोळ्याला फोकस साधारण दीडेक मीटरवर करावा लागतो, म्हणून चाळिशीचा चष्मा लावू नका, लांबचा लावा. आणि दोन बुबुळांमधलं अंतर सेट करून घ्या, ते मोठ्या माणसांचं सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. भाच्याचा हेडसेट मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ असेल तर त्याला खाली एक चाक आहे, अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायचं. मॉलमध्ये हे कोणी केलं होतं का? वाटलंच. क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आहे, म्हणजे अर्धा किलो साखर तोंडावर बांधल्यासारखं, त्यामुळे पुढून आवळू नका, मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली बसवा आणि वरच्या पट्ट्यावर भार घ्या.

खोलीचं म्हणाल तर उभं राहून खेळायला साधारण साडेसहा बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते, तुमच्याकडे कपाट आणि दिवाण धरून ती निघेल असं वाटत नाही, तेव्हा बसूनच. हेडसेटमध्ये आखलेली हद्द ओलांडली की समोर जाळी दिसते, पण ती हद्द जमिनीवरची, वर फिरणाऱ्या पंख्याचं त्याला काही पडलेलं नसतं. हात वर करायच्या आधी पंखा बंद. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने डोक्यावर घालायचं असं पहिलं यंत्र केलं तेव्हा त्याचा सांगाडा छतालाच जोडलेला होता म्हणे, आपल्याकडे तिथे जागा पंख्याने आधीच घेतलेली. मी स्वतः पहिल्याच दिवशी टीपॉयवरचा पाण्याचा तांब्या उडवला, आई आतून ओरडतेय काय पाडलंस आणि मला लाल ठोकळ्यांशिवाय काहीच दिसत नाहीये.

मुलीचं मात्र स्पष्ट सांगते, नको. क्वेस्टवाल्यांनी स्वतःच १० वर्षांच्या खाली देऊ नका म्हटलंय, प्लेस्टेशनच्या हेडसेटला तर १२. वर्षभर थांबा. तोवर तिला हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर कास्ट करून दाखवा, बाबा हवेत हात मारताना बघणं हेच तिला जास्त आवडेल, नक्कल करायला नवीन माल.

आणि मोदकांवर ताव मारून लगेच घालू नका.

प्रश्न : मोबाइल आत सरकवायचा स्वस्तातला डबा घेऊन आधी अंदाज घेतला तर? (गोरेगाव)

उत्तर : अंदाज चुकीचा येईल. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा काढला तेव्हापासून हे डबे आहेत, पण बहुतेक डब्यांना मान वळलेली कळते, तुम्ही पुढे वाकलात ते कळत नाही, मग सगळं जगच तुमच्यासोबत सरकतं आणि पोट परत ढवळतं. त्यापेक्षा कोणा मित्राकडे असेल तर त्याच्या घरी जा. आणि हेडसेट घेतलाच कधी तर खिडकीत उन्हात ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते, ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा घेणं परवडतं.