हिरवी चौकट दिसते, पण पत्र येत नाही

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमची हापूसची बाग आहे आणि हंगामात आम्ही पेट्या थेट ग्राहकांना पाठवतो. भाच्याने वर्डप्रेसवर संकेतस्थळ उभे करून दिले आणि त्यात ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) घालून चौकशीचा फॉर्म मी स्वतः बसवला. फॉर्म भरला की संदेश गेल्याची ओळ हिरव्या चौकटीत दिसते, परंतु माझ्या जीमेलवर काही चौकशा येतात आणि काही येतच नाहीत. डोंबिवलीच्या एका जुन्या ग्राहकाने ‘तीनदा लिहिले, उत्तर का देत नाही?’ असे फोनवर विचारले, तेव्हा हे ध्यानात आले. त्यांचा पत्ता याहूचा आहे. प्लगिन बदलावे का? ‘मेल’ या टॅबचे चित्र सोबत जोडले आहे.

उत्तर : प्लगिन बदलू नये, दोष त्याचा नाही. आपण चित्र जोडले हे फार बरे केले, कारण चूक त्यातच दिसते. ‘फ्रॉम’च्या, म्हणजे पाठवणाऱ्याच्या, रकान्यात आपण ग्राहकाच्या ईमेलचा टॅग, म्हणजे फॉर्ममध्ये भरलेला पत्ता आपोआप आणणारी खूण, घातला आहे. पत्र ग्राहकाच्या नावाने आले म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल, हा त्यामागचा विचार समजण्याजोगा आहे, आणि फॉर्म बसवणारे निम्मे लोक तरी हेच करत असावेत, असा माझा अनुभव सांगतो. पण ते पत्र ग्राहकाच्या याहू खात्यातून निघालेले नसते. ते आपल्या होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळ ज्या भाड्याच्या जागेवर ठेवले आहे तिथल्या, सर्व्हरवरून निघते आणि ‘मी याहूकडून आलो’ असे सांगत जीमेलच्या दाराशी उभे राहते. आमच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेली पत्रे परत लावा, असे याहूने एप्रिल 2014 पासून जाहीरच करून ठेवले आहे. त्यामुळे डोंबिवलीचे पत्र दारातूनच परत गेले. ज्यांच्या ईमेल सेवेचे धोरण इतके कडक नाही, त्यांची पत्रे कधी इनबॉक्समध्ये, कधी स्पॅममध्ये पडली. हिरव्या चौकटीचा अर्थ इतकाच की संकेतस्थळाने पत्र सर्व्हरच्या हवाली केले. पुढे त्याचे काय झाले, हे तिला ठाऊक नसते.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. ‘फ्रॉम’मध्ये आपल्या स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाने संपणारा, पत्ता लिहावा, नवा फॉर्म तयार करताना प्लगिन तिथे ‘वर्डप्रेस’ या नावाने सुरू होणारा असा पत्ता आपण होऊन घालते, तोच बहुधा आपण पुसलात. मग खालच्या ‘ॲडिशनल हेडर्स’च्या रकान्यात ‘रिप्लाय-टू’ हे शब्द, त्यापुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि त्यानंतर ग्राहकाच्या ईमेलचा तोच टॅग लिहावा. आता पत्र आपल्याच डोमेनच्या नावाने येईल आणि उत्तराचे बटण दाबल्यावर समोर पत्ता मात्र ग्राहकाचा उमटेल. या टॅबवर प्लगिन पूर्वीपासूनच एखादी चूक दाखवत असेल. ती खूण शोभेची नाही, ती उघडून वाचावी.

एवढ्यावर भागेलच असे नाही. साध्या होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात आणि शेजाऱ्याने स्पॅम पाठवले तरी त्याचा डाग आपल्या पत्रांना लागतो. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ (या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरवरून निघतात याची जाहीर यादी) किंवा डीकिम (पत्रावरची डिजिटल सही) यांपैकी निदान एक ओळखपत्र मागायला सुरुवात केली आहे. म्हणून होस्टिंगसोबत डोमेनवरची ईमेल पेटी मिळाली असेल, तर एखादे एसएमटीपी (ईमेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) प्लगिन बसवून पत्रे त्या पेटीतून, म्हणजे रीतसर लॉगिन करून, पाठवावीत, आणि ‘फ्रॉम’मध्ये त्याच पेटीचा पत्ता ठेवावा. त्या प्लगिनमध्ये पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, बहुधा 587 लागेल. अशी पेटी नसेल आणि जीमेलच वापरायचे असेल, तर खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून 16 अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, काढावा लागतो. रोजचा पासवर्ड तिथे चालत नाही, आणि चालला असता तरी मी तो देऊ दिला नसता.

मात्र हे सगळे करण्याआधी, आज रात्रीच, ‘फ्लेमिंगो’ हे प्लगिन बसवावे. ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ स्वतः संदेश साठवत नाही. पत्र हरवले की चौकशी हरवली. त्याच लेखकाने, म्हणजे ताकायुकी मियोशी यांनी, केलेले फ्लेमिंगो प्रत्येक संदेशाची प्रत संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये ठेवते. मागच्या चौकशा त्यातून परत येणार नाहीत, त्यांच्यासाठी जीमेलचा स्पॅम फोल्डर चाळावा. साठवलेली नावे आणि फोन नंबर हंगाम सरल्यावर पुसून टाकावेत. दुरुस्तीनंतरची चाचणी मात्र स्वतःच्या पत्त्यावरून न करता याहू खाते असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडून करून घ्यावी.

आपण विचारले नाही, तरी फॉर्मबद्दल एक सांगतो. फोनच्या रकान्यात देवनागरी आकडे चालत नाहीत. मराठी कळफलकावर सहज ‘९८’ असे टंकणाऱ्या ग्राहकाला नंबर चुकीचा असल्याचे सांगितले जाते आणि तो बिचारा तोच नंबर पुन्हा टंकत बसतो. रकान्याशेजारी ‘आकडे इंग्रजीत लिहावेत’ अशी ओळ असू द्यावी. बाकी नाव, ईमेल, फोन, पिनकोड आणि किती डझन, एवढे पेटीसाठी पुरे. पाठवायच्या वेळी लागणारा पूर्ण पत्ता फोनवर घेता येतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या फॉर्मवर सभासदांपेक्षा परभाषेतल्या जाहिरातीच जास्त येतात. प्लगिन तेच आहे. कॅप्चा लावला तर ज्येष्ठ सभासद वैतागतात. काय करावे?

उत्तर : वाहतूक दिव्यांची चित्रे ओळखायला लावणारा कॅप्चा नकोच. याच प्लगिनमध्ये ‘क्विझ’ नावाचा टॅग आहे. प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये उभी रेघ देऊन आपणच एक सोपा प्रश्न घालायचा. जाहिराती टाकणारे बहुतेक प्रोग्राम तिथेच अडतात. उत्तर कसे टंकले जाईल याचा विचार आधी करावा: महाराष्ट्राची उपराजधानी विचारली तर कोणी ‘नागपूर’ लिहील, कोणी तेच रोमन लिपीत, आणि दुसरा विनाकारण नापास होईल, बेरीज विचारली तर ‘१२’ आणि ‘12’ यांचा तोच घोळ. म्हणून प्रश्नातच ‘पुढचा शब्द जसाच्या तसा लिहा : पुस्तक’ असे सांगितलेले बरे. तरीही काही जाहिराती झिरपल्याच, तर वर्डप्रेसच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्कशन’ या पानावर नको असलेल्या शब्दांची यादी देता येते. हा फॉर्मही तीच यादी पाहतो. त्या यादीत तुटक, दोन-तीन अक्षरी शब्द घालू नयेत, कारण ते दुसऱ्या शब्दाच्या पोटात सापडले तरी संदेश अडवला जातो.